दोन आणि तीनच्या मधली भिंत

सुरतेत राहून मी कापडाचं काम करत नाही, हे ऐकलं की गावाकडची माणसं काळजीत पडायची. आमच्या चोपड्याकडून सुरतेला गेलेला माणूस लूमवरच जाणार, हे ठरलेलं. माझे काका लिंबायतला लूमवर होते, शेजारची चार घरं लूमवर होती, आणि मी मात्र संध्याकाळी कोपरापर्यंत काळा होऊन यायचो. काकूला पहिले काही महिने वाटत होतं की मी कोळशाच्या वखारीत आहे आणि लाजेने सांगत नाही.

मी गॅरेजमध्ये होतो. माझे वडील चोपड्याला जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलत. घरात पदवी घेतलेला मी पहिला. बी.एस्सी., विषय फिजिक्स. वडिलांनी पदवीला काच लावून ती देवघराच्या बरोबर वर टांगली. त्यामुळे घरी येणारा जो तो देवाबरोबर माझ्या फिजिक्सलाही हात जोडून जातो. पदवीने नोकरी मिळाली नाही, पण नमस्कार भरपूर मिळाले.

नोकरी दिली रमणिकभाईंनी. पर्वत पाटियाजवळ त्यांचं डिझेल गाड्यांचं गॅरेज होतं. इंजिनांची इंग्रजी पुस्तकं वाचून दाखवणारा कुणीतरी त्यांना हवा होता. त्यांनी विचारलं, "इंजन आता है?" मी म्हटलं, "नाही. पण इंजिनाच्या आत हवेचं जे होतं, ते येतं." ते इतके हसले की चहा सांडला, आणि मला ठेवून घेतलं. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. नव्वदच्या दशकातली माझी बहुतेक वर्षं त्या पत्र्याखाली गेली आणि मी जे काही झालो ते तिथे झालो.

पण खरा गुरू नटुभाई मिस्त्री. अस्सल सुरती. सुरती माणूस बोलताना श्वास घेतो तिथे शिवी असते. नटुभाईंचे श्वास फार जवळ जवळ होते. ते मला कधी नावाने हाक मारत नसत. "ए बीएस्सी, आ पकड," म्हणत पाना हातात द्यायचे. वर्षभरात मला तेच नाव पडलं. चहावालाही हिशेब "बीएस्सीचे दोन" असा सांगायचा.

गॅरेजमध्ये गाडी येण्याआधी तिचा आवाज येतो, तोही ड्रायव्हरच्या तोंडातून. एक काठेवाडी ड्रायव्हर होता. तो गाडी रस्त्यात बंद पडली की बसने यायचा आणि इंजिनाचा आवाज तोंडाने काढून दाखवायचा. खट खट खट, मग मध्येच एक खोकला. नटुभाई डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, "हवे क्लच दबाव." तो खरोखर डावा पाय दाबायचा आणि आवाज बदलायचा. त्याच्या तोंडच्या आवाजावरून आम्ही एकदा खराब झालेलं बेअरिंग ओळखलं आहे, यावर कुणाचा विश्वास बसत नाही, म्हणून मी आता सांगत नाही.

दुसरे एक कतारगामचे हिऱ्यांचे कारखानदार. त्यांच्या जीपचं इंजिन खोललं तेव्हा ते स्वतः समोर बसले. प्रत्येक भाग हातात घेऊन खिशातलं भिंग डोळ्याला लावायचे. वॉल्व्ह फिरवून फिरवून पाहिला आणि गंभीरपणे म्हणाले, "पॉलिश बराबर नथी." नटुभाई म्हणाले, "शेठ, आ वीटीमां नथी जडवानो." अंगठीत बसवायचा नाही, हे खरं, पण त्या भिंगातून मीही पाहिलं. वॉल्व्हच्या कडेला सुईच्या टोकाएवढे खड्डे पडले होते, आणि तिथूनच दाब गळत होता. तेव्हापासून मीही एक भिंग बाळगू लागलो.

दाब म्हणजे काय, हे न सांगता पुढची गोष्ट कळणार नाही. सायकलचा पंप घ्या, तोंडावर अंगठा धरा आणि दांडा दाबा. आतली हवा आवळली जाते आणि पंप गरम होतो. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा इतकी आवळतात की ती भट्टीसारखी तापते, मग तिच्यावर डिझेल फवारलं की ते आपोआप पेटतं. हेच कॉम्प्रेशन. हवा कुठून निसटली तर ती कोमटच राहते, डिझेल पेटत नाही, आणि गाडी दम्याच्या माणसासारखी जिन्यावर बसून घेते. हवा निसटू नये म्हणून सिलिंडरांवर जे जड झाकण बसतं त्याला हेड म्हणतात. खालचा भाग तो ब्लॉक. दोघांच्या मध्ये गॅस्केट. कुकरला रबरी रिंग असते तशी. कुकरची रिंग गेली तर डाळ कच्ची राहते. गॅस्केट गेलं तर माणसाचा धंदा कच्चा राहतो.

सुकदेवभाऊचा धंदा त्यावरच होता.

सुकदेवभाऊ लिंबायतचा, मूळचा पारोळ्याकडचा. बरीच वर्षं लूमवर काढून त्याने एक जुना डिझेल टेम्पो घेतला होता. लूमच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे तो गुपितंही ओरडून सांगायचा. मार्केटात किशोरशेठ नावाचे साड्यांचे व्यापारी होते, कतारगामला त्यांचा स्वतःचा कारखानाही होता. त्यांच्या गासड्या वाहण्याचं कायमचं काम त्याला मिळालं होतं, आणि ते त्याने साऱ्या लिंबायतला ओरडून सांगितलं होतं.

लग्नसराईत टेम्पो तापला, गॅस्केट उडालं. आमच्याकडे आला. नटुभाईंनी हेड काढलं, घासायला मशीनवर पाठवलं, सरळ करून आणलं. नवं गॅस्केट घालून गुरुवारी बसवलं. बोल्ट कसायला मी टॉर्क पाना दिला. हा पाना बोल्टला ठरलेला जोर मिळाला की 'टक्' असा वाजतो. तो घ्यायला रमणिकभाईंना मीच तयार केलं होतं. नटुभाईंना तो आवडत नसे. "मारा हाथमां टॉर्क छे," असं ते म्हणत, आणि पाना वापरताना त्याला शिव्या देत. तरी वापरला. बोल्ट मधून सुरुवात करून बाहेर कसत जातात. पाना प्रत्येक बोल्टला टक् वाजला. संध्याकाळी टेम्पो हसत गेला.

शनिवारी सकाळी तो दोराला बांधून आला.

शुक्रवारी पुलावर चढताना माल भरलेला टेम्पो थरथरून बसला होता. मागच्या रिक्षावाल्यांनी सुकदेवभाऊला जे ऐकवलं ते तो आम्हाला मोठ्याने परत ऐकवत होता. मग एकदम गप्प झाला. तो गप्प झाला म्हणजे काहीतरी मोठं आहे, हे आम्हाला कळलं.

"शेठनी सांगं," तो पहिल्यांदाच हळू बोलला, "सोमवारी सकाळी टेम्पो दारात पाहिजे. नाही तर दुसरा लावतो."

मार्केटात एकदा लागलेला दुसरा टेम्पो परत निघत नाही, हे सुरतेत कुणाला सांगायला लागत नाही. टेम्पोचं काम गेलं तर सुकदेवभाऊला पुन्हा लूमवर जावं लागलं असतं, त्या वयात, रात्रपाळीला.

त्याच्याबरोबर त्याची माय आली होती. वच्छलामाय. ठेंगणी, काटक, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिने कोपऱ्यातल्या टायरवर बैठक मारली आणि मांडीवर डबा धरून बसली. इंजिन बरं होईपर्यंत उठणार नाही, असा तिचा चेहरा होता.

मग गॅरेजमध्ये निदानाचा बाजार भरला. रमणिकभाई म्हणाले, डिझेलमध्ये रॉकेल आहे. नटुभाई म्हणाले, गॅस्केट कंपनीतूनच खराब आलंय, "मारो हाथ चूके नहीं." सुकदेवभाऊ म्हणाला, वाड्यातल्या एकाची नजर लागली, आणि त्याचं नावही ओरडून सांगितलं. शेजारचा पंक्चरवाला म्हणाला, टायरमध्ये हवा कमी आहे. त्याचं निदान वर्षानुवर्षं हेच असायचं.

मी मीटर आणलं. दाब मोजायचं मीटर. डिझेल फवारणारं नोझल काढून त्या जागी ते बसवायचं आणि स्टार्टर मारायचा. सिलिंडर हवा आवळतं, काटा वर जातो. पहिल्याचा काटा छान वर गेला. दुसऱ्याचा अर्ध्यात बसला. तिसऱ्याचाही तिथेच बसला. चौथ्याचा पुन्हा वर.

"बे ने त्रण," नटुभाई म्हणाले आणि पहिल्यांदाच शिवी दिली नाही.

दाब तीन रस्त्यांनी जाऊ शकतो. वॉल्व्ह नीट मिटत नसतील तर वरून, हवा आवळणाऱ्या पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील तर खालून, किंवा गॅस्केटमधून बाजूने. हेड घासलं की वॉल्व्हचं अंतर बदलतं, म्हणून आधी तेच तपासलं. ठीक होतं. मग सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजलं. रिंगा गेल्या असत्या तर तेलाने फटी बुजून काटा चढला असता. चढला नाही. राहिला तिसरा रस्ता. शेजारी शेजारी असलेल्या दोघांचाच दाब पडावा आणि सारखाच पडावा, याचा अर्थ दोघांच्या मधली भिंत गेली. चाळीतल्या दोन खोल्यांमधलं पार्टिशन फुटावं तसं. एकाच्या घरी बोंबील भाजले की दुसऱ्याच्या देवघरात वास.

"मग हेड परत खोलायचं?" सुकदेवभाऊ.

"खोलायचं."

"सोमवार," तो म्हणाला.

नटुभाईंनी पाना लावला. बाहेरचे बोल्ट सुटताना करकरले, कसलेला बोल्ट करकरतोच. दोन आणि तीनच्या मधले दोन बोल्ट मात्र पाना लागताच फिरले, बाटलीचं बूच फिरावं तसे. नटुभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी पान्याकडे पाहिलं. माझ्या लाडक्या टॉर्क पान्याची त्यांनी जी वंशावळ काढली, ती दिवाळी अंकात देता येणार नाही.

"टक् वाग्यो हतो ने? हवे तारा पानाने पूछ, कोने टक् कर्युं."

पाना वाजला होता, मी स्वतः ऐकला होता.

पण वाईट गोष्ट पुढे होती. बोल्ट बाहेर आला तेव्हा ओला होता. त्या भोकात पाणी होतं. नटुभाईंचा चेहरा बदलला. त्यांनी बोल्ट पुसला, परत पाहिला, आणि हळूच म्हणाले, "ब्लॉक गयो."

बोल्टच्या भोकात पाणी येतं ते एकाच ठिकाणाहून. इंजिन थंड ठेवणारं पाणी ब्लॉकच्या पोटातून फिरत असतं. भोकाला तडा गेला की ते आत झिरपतं. तडकलेला ब्लॉक म्हणजे भंगार. गॅस्केट बदलता येतं, हेड बदलता येतं, ब्लॉक गेला की टेम्पोला चाकं तेवढी उरतात. सुकदेवभाऊने गुजराती ऐकलं होतं आणि समजलंही होतं. तो टेम्पोच्या पायरीवर खाली बसला. हात गुडघ्यांवर, लूमवाल्याचे जाड बोटांचे हात. वच्छलामायने डब्याचं झाकण उघडलं होतं ते परत लावलं.

मी एका तारेला पांढरं फडकं गुंडाळलं आणि भोकात घातलं. देवाची शपथ, माझ्या मनात कुठलीही हुशारी नव्हती. भोक कोरडं करून तडा दिसतो का पाहावं, एवढंच. फडकं बाहेर आलं ते गुलाबी झालं होतं.

इंजिनात लाल रंगाचं काही नसतं. मी भिंग काढलं. फडक्यावर गंजाचा तपकिरी डाग होता, त्यात गुलाबी छटा, आणि एक पिवळट केसासारखा तंतू चिकटला होता. मी वास घेतला. आंबूस वास. ओळखीचा, पण गॅरेजमधला नाही. घरातला.

"नटुभाई, जरा सूंघो."

त्यांनी हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग फार संशयाने म्हणाले, "आ तो खोपरुं छे."

खोबरं. मी वळून टायरकडे पाहिलं. "माय, गुरुवारी तुम्ही इथे आल्या होत्या का?"

"उंथू ना," वच्छलामाय म्हणाली. आल्या होत्या. "डबा लई उंथू. तुम्ही समदा चहाले गयथात. इंजन उघडंच व्हतं. मंग मी पूजा करी लिधी."

आमच्या अहिराणीत ळ चा य होतो. ती पुढे म्हणाली, "नारय फोडा, पानी शिताडं, हयद-कुकू व्हायं. उघडा यंत्रनी पूजा करनी पडस. लूमवर नही करतस का?"

करतात. लिंबायतला लूम खोलून जोडला की बंद करण्याआधी त्यावर नारळ फोडतात आणि ते पाणी चारी बाजूंनी शिंपडतात. मी काकांना करताना पाहिलं होतं. लूमला त्याने काही होत नाही, कारण लूमला आंधळी भोकं नसतात. या इंजिनात हेडच्या बाकीच्या बोल्टांची भोकं खालून मोकळी होती, पण मधली दोन तळाशी बंद, पेल्यासारखी. नटुभाईंनी जेवणाआधी ती हवेने साफ केली होती. चहानंतर येऊन ब्लॉकचा माथा फडक्याने पुसला, बाजूचं कुंकू पाहून हातही जोडले, आणि गॅस्केट ठेवलं. पेल्यात तीर्थ भरलेलं आहे, हे कुणाच्या ध्यानात येणार?

आता माझं फिजिक्स जागं झालं. हवा आवळली जाते, पाणी आवळलं जात नाही. बोल्ट खाली जाऊ लागला, पाण्यावर टेकला, आणि पाण्याने त्याला तिथेच अडवलं. पान्याला वाटलं, जोर लागला. टक्. प्रत्यक्षात बोल्ट हेडला दाबतच नव्हता, नारळाच्या पाण्याशी कुस्ती खेळत होता. पुढे पाणी आट्यांमधून झिरपून गेलं आणि बोल्ट सैल राहिला. पाना खोटं बोलला नव्हता. त्याला विचारलेल्या प्रश्नाचं त्याने खरं उत्तर दिलं होतं, आपण प्रश्न भलत्यालाच विचारला होता.

मी हे सगळं उत्साहाने सांगितलं. सांगून झाल्यावर ध्यानात आलं की वच्छलामायचा चेहरा पडलाय.

"मना नारयनी गाडी बिघाडी?"

ज्या नटुभाईंचं तोंड कुणासमोर बंद झालं नाही, ते फडक्याने हात पुसत राहिले. शेवटी तेच म्हणाले, "ना माजी. नारियेळनो वांक नथी. अमे ढांकवुं भूली गया." नारळाचा दोष नाही, आम्ही झाकायला विसरलो. चहाला जाताना उघड्या ब्लॉकवर कापड टाकायला हवं होतं, ही गोष्ट खरी होती, पण नटुभाईंच्या तोंडून 'भूली गया' हे शब्द मी त्याआधी ऐकले नव्हते आणि नंतरही नाही.

म्हातारीने डब्याचं झाकण बोटाने दाबून पाहिलं. मग म्हणाली, "लोणचानी बरनी काठोकाठ भरी, ते झाकन बसत नही. आसंच ना?"

"अगदी असंच," मी म्हटलं. फिजिक्सच्या वर्गात तीन वर्षं बसून मला एवढी सोपी उपमा सुचली नव्हती.

पण तडा आहे की नाही, हे अजून ठरायचं होतं. पाणी नारळाचं निघालं म्हणून ब्लॉक शाबूत आहे असं नाही. उलट, अडकलेल्या पाण्यावर बोल्ट जोराने कसला की त्या दाबानेच ब्लॉक फुटू शकतो. हे मी सुकदेवभाऊला सांगितलं नाही. नटुभाईंनीही नाही. आम्ही दोन्ही भोकं कोरडी केली, त्यात रॉकेल भरलं, आणि आजूबाजूच्या लोखंडावर खडूची पूड चोळली. तडा असेल तर रॉकेल त्यातून सरकतं आणि पांढऱ्या खडूवर ओली रेघ उमटते. रॉकेल केसाएवढी फटही सोडत नाही.

मग वाट पाहायची. वच्छलामायने डबा उघडला. कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा. नटुभाईंनी ठेच्याचा पहिला घास घेतला आणि डोळ्यांतून पाणी काढत तिसऱ्या पिढीपर्यंत कुणाला तरी शिवी दिली. म्हातारीला ती कौतुकाची वाटली. तिने आणखी वाढलं. सुकदेवभाऊ जेवला नाही. तो खडूकडे पाहत उभा होता, दूध उतू जाण्याची वाट पाहावी तसा.

जेवण झालं, चहा झाला. मी भिंग घेऊन वाकलो. खडू कोरडा होता. रॉकेल जेवढं भरलं तेवढंच होतं. मी नटुभाईंना भिंग दिलं. त्यांनी ते न घेता बोट फिरवलं आणि बोट सुकदेवभाऊसमोर धरलं. कोरडं, पांढरं बोट.

"आता तरी जेव रे," वच्छलामाय म्हणाली. मग तो टेम्पोच्या पायरीवर बसून उरलेल्या सगळ्या भाकरी संपवून उठला.

रविवारी नवं गॅस्केट आलं. हेड बसवलं. भोकं मी स्वतः हवेने साफ केली, फडक्याने पुसली, भिंगाने पाहिली. बोल्ट कसले, इंजिन तापवलं, पुन्हा कसले. वच्छलामाय नारळ घेऊन आलीच होती. नटुभाईंनी तिला सन्मानाने हात धरून गॅरेजच्या बाहेर, रस्त्याच्या पलीकडे नेलं आणि एका दगडाकडे बोट दाखवलं. "अहियां, माजी. अहियां फोडो." ती जागा इंजिनापासून जितकी लांब होती तितकीच नटुभाईंना पसंत होती. मीटर लावलं. चारही काटे एका उंचीला गेले. सुकदेवभाऊने ही बातमी पत्र्याखालूनच लिंबायतला पोचेल अशा आवाजात सांगितली.

एक वाद मात्र उरला. नटुभाई म्हणायचे, पाना नसता तर त्यांच्या हाताला गुरुवारीच फरक कळला असता. मी म्हणायचो, नसता कळला. हा वाद आम्ही पुढे कित्येक वर्षं चवीने चालवला. आता ते नाहीत. खरं तर एकदा आंधळ्या भोकात पाणी भरून, पाना बाजूला ठेवून, त्यांच्या हाताची परीक्षा सहज घेता आली असती. आम्हा दोघांनाही ते सुचलं नाही, किंवा सुचलं असेल पण वाद संपवायची इच्छा नसेल. आजकाल इंजिनांवर प्लॅस्टिकचं आवरण असतं आणि दोष यंत्राच्या पडद्यावर येतो. भांडायला कुणी उरलेलं नाही.

सोमवारी सकाळी मी टेम्पोबरोबर मार्केटात गेलो. पुलावर माझे कान इंजिनात होते. ते गात होतं. वच्छलामाय आमच्या दोघांच्या मध्ये बसली होती. "मी ईसू," एवढंच तिने सांगितलं होतं. येणार म्हणजे येणार.

किशोरशेठच्या दाराशी दुसरा टेम्पो उभा होता. हमालांनी पहिली गासडी उचललीही होती. शेठ मऊ स्वभावाचे, पण व्यापारी. म्हणाले, "सुकदेव, मेरेको भी माल निकालना है. शुक्रवार को पुल पर मेरा माल अटका. रोज रोज ऐसा चलेगा क्या?" सुकदेवभाऊचा तो मोठा आवाज कुठे गेला कोण जाणे. तो मान खाली घालून उभा राहिला.

वच्छलामाय केबिनमधून उतरली आणि शेठसमोर गेली. "शेठ, गाडी मेरे हातसे बिघडी. पोऱ्याकी कुछ चुकी नही. मैने इंजनपर नारय फोडा."

शेठ हसले. "नारियल तो अच्छा होता है, माजी."

"अच्छा नही. पानी भोकमें गया."

शेठनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगू लागलो. आंधळी भोकं, पाणी आवळलं जात नाही, बोल्ट पाण्यावर टेकतो, ब्लॉकही फुटू शकतो. सुरुवातीला ते हसत ऐकत होते. मग त्यांचं हसू हळूहळू खाली आलं.

"डिझल इंजन में होता है ये?"

"हो."

"जनरेटर का इंजन भी डिझल ही होता है ना?"

"हो, शेठ."

त्यांनी मेहताजीला, म्हणजे मुनिमाला, हाक मारली. "कतारगाम फोन लगाव. जल्दी." कतारगामच्या त्यांच्या कारखान्यात जनरेटरचं इंजिन खोललेलं होतं, आज हेड बसायचं होतं, आणि शेठाणी पूजेचं ताट घेऊन सकाळीच निघाल्या होत्या. मेहताजी डायल फिरवत होते. फोन एंगेज. पुन्हा फिरवला. एंगेज. हमाल गासडी पाठीवर घेऊन विचारू लागला, कुठल्या टेम्पोत टाकू. शेठनी रिसीव्हर मेहताजीच्या हातातून ओढून कानाला लावला आणि दुसऱ्या हाताने सुकदेवभाऊच्या टेम्पोकडे इशारा केला.

"आमां नाख, आमां. ने सुकदेव, पहेलां कतारगाम थईने जजे. आ बीएस्सीने साथे लई जा."

माझं गॅरेजमधलं नाव त्यांना कुणी सांगितलं, हे मी विचारलं नाही. शेजारी सुकदेवभाऊ उभा होता, आणि आवाज त्याला परत आला होता.

दुसऱ्या टेम्पोवाल्याला शेठनी दुपारची फेरी दिली, म्हणून तोही फार रागावला नाही. आमच्या टेम्पोत गासड्या चढल्या आणि त्या भाराने तो कतारगामच्या वाटेला लागला, कुठेही न खोकता. कारखान्याच्या फाटकातून आत शिरलो तेव्हा उघड्या इंजिनासमोर शेठाणी उभ्या होत्या, पदर डोक्यावरून घेतलेला, एका हातात ताट, दुसऱ्या हातात उंच धरलेला नारळ. मिस्त्री हात जोडून बाजूला उभा. मी दार उघडायला गेलो, पण वच्छलामाय माझी मांडी ओलांडून केव्हाच खाली उतरली होती. तिने जाऊन शेठाणींचं मनगट धरलं, धाकट्या सुनेचं धरावं तसं, आणि म्हणाली,

"थांब बाई. पहिले इंजन बंद व्हवू दे. देव काय पयी जाई ऱ्हायना का?"